भिंतीवर टांगलेलं नाव

मंडळी, दुपारपासून मन विटलंय, म्हणून लिहितो.

माझी नात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोबत कॉमर्सची डिग्रीही करावी का, हे ठरवायला आज तिचा मामा कळसाडीला आमच्याकडे आला होता. जेवता जेवता म्हणाला, “करू द्या आबा. फार्मसीनं सर्टिफिकेट एखादा दुकानमा टांगी देऊत, घरबसल्या भाडं येई. पोरगी बँकमा नोकरी करी. सगळाच असं करतस.”

औषधाच्या दुकानाला फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लावावंच लागतं, म्हणून काही दुकानदार ते भाड्याने घेतात. सगळे हसले. माझा घास तोंडातच राहिला.

साठच्या दशकात विसरवाडीच्या एका औषधाच्या दुकानात असंच सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. ज्याचं नाव, तो राहायचा सुरतेला. गल्ल्यावरच्या माणसाने आईच्या खोकल्यावर चोळायचं औषध प्यायला दिलं. बाटलीवर इंग्रजी, मी सातवीत शाळा सोडलेला. आईचा घसा भाजला आणि आवाज मरेपर्यंत घोगराच राहिला.

हे सांगितलं तर मामा म्हणतो, “ते जुनं शे, आबा.”

नात मात्र ताट सोडून माझ्याकडे बघत होती. “मंग मी दुसरी डिग्री करू का नको?”

“दोन कर. पण तुन्हं नाव जठे टांगशी, तठे तूच उभी ऱ्हाय.”

उद्या कॉमर्सच्या फॉर्मची मुदत संपते आणि तिचं सर्टिफिकेट कुणाच्या दुकानात टांगलं जाईल, याचा माझ्या जिवाला घोर लागलाय.

तुमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात भिंतीवर ज्याचं नाव आहे, त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलंय का?