तीन रेघांचं झाकण

सकाळी दार वाजलं तेव्हा माझे सासरे उतू गेलेल्या दुधाची चौकशी करत होते. गॅस त्यांनीच मोठा ठेवला, असं सासूबाईंचं म्हणणं. बाबांचं उत्तर ठरलेलं, "पुरावा?"

चाळीस वर्षं प्राचीन इतिहास शिकवलेल्या माणसाच्या घरात याशिवाय काही चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात भाजीत मीठ घातलंय असं मी म्हटलं, तर म्हणाले, "कोणी पाहिलं?"

दारात त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. आता विभागप्रमुख आहे, पन्नाशी उलटली, तरी बाबांसमोर खुर्चीच्या काठावरच बसते. बाबांचा गौरवग्रंथ तिनेच काढलेला. दुपारी तो छापायला जायचा होता. मुखपृष्ठावरचं खापर त्यांनी एकदा नजरेखालून घालावं म्हणून ती ते डबीत, कापसात गुंडाळून घेऊन आली होती.

बाबांचं सगळं नाव त्या खापरावर उभं. तरुणपणी एका उत्खननात सापडलेलं, वर तीन तिरप्या रेघा. तिथल्या दुसऱ्या कुठल्याच भांड्यावर तशा रेघा नव्हत्या. त्यावरून बाबांनी मांडलं की त्या प्राचीन गावात दूरदेशीचे कुंभार येऊन राहिले होते आणि रेघा ही त्यांच्या कुळाची खूण. पुढे या कुंभारांवर तिघांनी पीएच.डी. केली. कुंभार पूर्वेकडून आले की उत्तरेकडून, यावरून त्यातल्या दोघांचं बोलणं बंद आहे.

सासूबाई चहा घेऊन आल्या. खापर पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला.

"अगंबाई, हे माझं झाकण."

"कसलं झाकण?" बाबा म्हणाले.

"मिठाच्या मडक्याचं. तुमच्या खोदकामावर आपण तंबूत राहत होतो ना, तिथला स्वयंपाकी माझी भांडी उचलून न्यायचा. म्हणून मडक्यावर आणि झाकणावर पिनेने रेघा मारल्या. झाकण फुटलं, तुकडे मागच्या खड्ड्यात टाकले."

"त्या खड्ड्यात आम्ही खणत होतो."

"मला वाटलं, कचऱ्यासाठी केलाय."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"दाखवलंत कधी? तुमचं पुस्तक दर आठवड्याला पुसते मी. उघडायला कोणी सांगितलं नव्हतं."

"पुरावा?" बाबांचा आवाज या वेळी बारीक होता.

सासूबाई आतून मडकं घेऊन आल्या. वर स्टीलची ताटली, पोटावर तीन तिरप्या रेघा. बाबांनी भिंग लावलं. खापर मडक्याच्या काठावर टेकवलं. ते नेमकं बसलं. मग चिमूटभर मीठ चाखून पाहिलं, ते कशासाठी हे कोणी विचारलं नाही.

"सर," विभागप्रमुखबाई हळूच म्हणाल्या, "इथे आपण चौघंच आहोत. कुणाला कळणार आहे?"

"आणि ते तिघं? जन्मभर हिच्या मिठावरून भांडत बसणार?"

बाई काठावरून आणखी पुढे सरकल्या. पडायच्याच बाकी होत्या. सासूबाईंनी चहाचा पहिला कप नेहमी पाहुण्यांना देतात, तो आज बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो संपवला, खापर पुन्हा कापसात ठेवलं आणि डबी बाईंपुढे सरकवली.

"मुखपृष्ठावर हेच राहू द्या. फक्त पंधरा दिवस छपाई थांबवा. माझं खंडन मला लिहायचंय."