ढगाचे तीन दिवस

वसमतच्या एका शाळेत शेषराव अठ्ठावीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होते. काचनळ्या धुणे, भिंगे पुसणे आणि किल्ल्या नेमक्या खिळ्याला टांगणे, एवढेच त्यांच्या नेमणूकपत्रात लिहिलेले. सूर्याची नोंद मात्र त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. बदलून गेलेल्या विज्ञान शिक्षकांनी एक लहान दुर्बीण त्यांना देऊन टाकली होती. रोज सकाळी नऊ वाजता ती घराच्या गच्चीवर सूर्याकडे रोखायची, मागे पांढरा कागद धरून त्यावर सूर्याचे बिंब पाडायचे, आणि बिंबावरचे काळे डाग वहीतल्या वर्तुळात पेन्सिलीने जसेच्या तसे उतरवायचे. निवृत्तीनंतरही हा परिपाठ चुकला नाही. आभाळ भरलेले असले की वर्तुळ कोरे ठेवायचे, खाली 'ढग' असे लिहायचे आणि सही करायची.

एका श्रावणात सलग सहा दिवस 'ढग' पाहून खालच्या मजल्यावरचा शिंपी अय्याज म्हणाला, "काका, आज दिसंल त्याच्यावरून मागची वर्तुळं भरून टाका की. सूर्य काय तक्रार करून राहिला?" शेषराव त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

त्यांच्या शाळेतला एक विद्यार्थी, स्वप्निल, याच गच्चीवर शिकला. कागद सरळ कसा धरायचा, हे त्याला शेषरावांनी दाखवले. पुढे तो मोठ्या शहरात सौरज्वालांवर संशोधन करू लागला. सुटीत आला की समजावून सांगे: डागांमधून चुंबकीय रेषा बाहेर पडतात, डाग सरकतात, फिरतात, तसा त्या रेषांना चऱ्हाटासारखा पीळ बसत जातो. उलट दिशांच्या रेषा एकमेकींना भिडल्या की तुटतात, नव्या जोडीने सांधल्या जातात, आणि पिळात साठलेली शक्ती एकदम मोकळी होते. तीच सौरज्वाला. त्याचे गणिती प्रारूप हा पीळ डागांच्या हालचालीवरून मोजणार होते, आणि तेही उपग्रहाच्या छायाचित्रांवाचून, केवळ हाताने काढलेल्या चित्रांवरून. त्यासाठी त्याने दोन दिवस गच्चीवर बसून, वर्षाला एक अशा एकोणीस वह्यांचे पान न् पान मोबाइलवर टिपले. शेषरावांनी त्या दोन्ही दिवशी त्याला स्वतःच्या हाताने भाकरी वाढली.

स्वप्निलचा शोधनिबंध छापून आला. शाळेने शेषरावांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि काचेत मढवलेली एक आकृती. आषाढातल्या नऊ दिवसांची नऊ वर्तुळे, खाली शेषरावांचे पूर्ण नाव. टाळ्या चालू असतानाच त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या वर्तुळात डाग होते. ते तीन दिवस पावसाची झड होती.

कार्यक्रमानंतर त्यांनी स्वप्निलला प्रयोगशाळेत नेले आणि वही उघडून शेजारी ठेवली.

स्वप्निल खालच्या आवाजात म्हणाला, "उपग्रहाच्या फोटोवरून भरले, काका. ते तीन दिवस नसले तर पीळ जुळतच न्हाई. अन् डाग तर तिथं व्हतेच ना."

"व्हते असतील. मला दिसले न्हाईत. अन् नाव माझं हाय."

दुरुस्ती कळवतो, असे सांगून, पायांना हात लावून तो गेला. शेषरावांनी महिनाभर वाट पाहिली. मग तिन्ही पानांच्या छायाप्रती त्यांनी त्याच्या मार्गदर्शकांकडे टपालाने पाठवल्या.

उत्तर अत्यंत सभ्य होते. स्वप्निलने मूळ पानांचे मोबाइलवर टिपलेले फोटो सादर केले असून त्यांत डाग स्पष्ट दिसतात. काकांचे वय झाले आहे, अलीकडे त्यांना विसर पडतो, कोरी पाने त्यांनी मागाहून लावली असावीत, असे त्याने दुःखाने कळवले आहे. ती वर्तुळे त्या दिवशी कोरीच होती, याचा आपल्या सहीव्यतिरिक्त काही पुरावा आहे काय?

शेषरावांनी पत्र दोनदा वाचले, मूळच्या घडीवर मिटले आणि वहीत ठेवले. पुरावा नव्हता. एकोणीस वर्षांत तो लागेल असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होते. नऊ वाजता चार डाग उतरवून झाल्यावर त्यांनी अय्याजला वर बोलावले. गळ्यातली टेप तशीच ठेवून तो आला, कागदावर वाकला आणि त्याने डाग मोजले. शेषरावांनी पेन पुढे केले.

"माझी सही काहून, काका? एवढी वर्सं तुमच्या एकट्याचीच चालली की."

शेषरावांनी आपल्या सहीखाली पट्टीने आखलेल्या नव्या रेघेवर बोट ठेवले, आणि अय्याजची सही पुरी होईपर्यंत ते उचलले नाही.