हेराची माळ

वरच्या मजल्यावरचे पीएचडीवाले शेजारी भेटले की मी नुसता हात हलवते. बोललं तर त्यांची पावलं चुकतात आणि ते दारापासून पुन्हा मोजायला लागतात. रशियाच्या आधी तिबेटचा नकाशा हाती यावा म्हणून इंग्रजांनी यात्रेकरूंच्या वेषात पाठवलेले हेर, हा त्यांचा विषय. ते हेर पावलं मोजायला एकशे आठऐवजी शंभर मण्यांची माळ वापरत. आमचे हे शेजारी तशाच माळेवर जर्मनीतलं हे अख्खं एर्लांगेन शहर मोजतात.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझे सासरे शंभर पावलं झाली की माघारी फिरायचे. कोपऱ्यावरचं बाक आणखी थोड्याच पावलांवर समोर दिसायचं, पण पुढे जायची भीती.

परवा शेजारी म्हणाले, "अण्णा, आज मोजायचं काम माझं. एकच माळ, मग परत."

अण्णा थेट बाकावर जाऊन बसले. "सूनबाई, बघ, शंभरात पोचलो!"

मला हिशोब पटेना. शेजाऱ्यांच्या हातातली माळ घेऊन मी मणी मोजले. एकशे आठ.

"अहो, ही तर साधी जपाची माळ!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," शेजारी कुजबुजले. "ताई, हेराला उघडं पाडू नका."

घरी येऊन मी व्यायामाच्या तक्त्यात लिहिलं: अण्णा, शंभर पावलं.