फटफटीवरची धवलारीण

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानकोलीच्या गोदामाच्या ऑफिसात होते आणि समोर एक ड्रायव्हर गेटपाससाठी भांडत होता. फोन ठेवल्यावर मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्याने मात्र भांडण थांबवलं, टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. पुढचे दिवस जसे जातात तसे गेले. दहाव्याला नदीवर आणि नंतर मांडवात जो तो माझ्याजवळ येऊन एकच वाक्य बोलत होता, "फार सोशिक होती बिचारी." पहिल्यांदा मी मान हलवली. नंतर नंतर माझं डोकं फिरायला लागलं. सुगंधाआत्या सोशिक नव्हती. बिचारी तर मुळीच नव्हती. माणूस गेल्यावर त्याचे कोपरे घासून त्याला गुळगुळीत करायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला मान्य नाही, म्हणून हे लिहितेय.

आत्याला मूलबाळ नव्हतं. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, भिवंडीत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले लूम दुरुस्त करायचं त्यांचं काम, आणि ड्युटीवर जायला एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. गावात तिला सगळे फटफटी म्हणायचे. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात आतोबा आत्याला ती चालवायला शिकवत. कुणाला सांगत नसत, पण सगळ्या गावाला माहीत होतं, कारण त्या गाडीचा आवाज लपणारा नव्हता. आत्या काष्ट्याचं लुगडं नेसायची, त्यामुळे गाडीवर बसायला तिला काही अडचण नव्हती. अडचण असायची ती बघणाऱ्यांना.

आत्याचं खरं काम होतं धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणं. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून ते लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणावे लागतात, आणि ते म्हणणारी धवलारीण पुढे पाटावर बसते. आतोबा हार्ट अटॅकने अचानक गेले त्यानंतर आत्याच्या बाबतीत हे फार मोठं झालं. ज्या मांडवात इतर विधवा बायका आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसत, तिथे धवलारीण म्हणून आत्यासाठी पुढे पाट मांडला जायचा, नवरीला पहिली हळद लागताना तिचा आवाज लागायचा. ती मला एकदा म्हणाली होती, "पाटावर बसलं का मी कोनाची मेलेल्याची बायको नसतंय. मी धवलारीन असतंय." तिचा पाट गेला असता तर तिचं काय उरलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि तो पाट घालवायला तिचे दीर निघाले होते. त्यांना गावात सगळे भाऊ म्हणतात, मी भाऊकाका म्हणते. त्या वर्षांत आमच्याकडे गोदामं उठायला लागली, भाऊकाकांची खाचरं त्यात गेली, दारात जीप आली आणि जीपपाठोपाठ इभ्रतही आली. आपल्या घरातली बाई लोकांच्या मांडवात जाऊन गाते, ओटीचा नारळ आणि लुगडं घेऊन येते, हे त्यांना खुपायला लागलं. आधी आत्याला लग्नाच्या गावी त्यांचीच जीप सोडायची. ती बंद झाली. "वयनी, आता बस झाला," एवढंच ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. आजही नाहीत. पण आपण म्हटलं की बास होतं, ही सवय त्यांना जीपबरोबरच लागली होती.  दुसऱ्या दिवशी आत्याने पडवीतल्या फटफटीवरचं गोणपाट काढलं, ती पुसली, आणि पुढच्या हळदीला ती स्वतः चालवत गेली. गावात काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक लग्नसराई अशी गेली. मग गाडी रुसली. इंजिन ओरडायचं, वेग मात्र वाढायचा नाही. सपाटीवर कशीबशी पळायची, पण शेलार गावाला एका मुलीच्या हळदीच्या धवल्यांचं ठरवायला निघालेली असताना खाडीवरच्या पुलाच्या चढाला तिने मान टाकली. ॲक्सिलरेटर पिळावा तर नुसता धूर आणि आवाज, गाडी जागच्या जागी. आत्याने ती उतरवून, ढकलत परत आणली. घराच्या वाटेवर भाऊकाकांचा ओटा लागतो. तिथे चहा चालला होता. कुणी हसलं नाही. भाऊकाकांनी अगदी प्रेमाने सांगितलं, "वयनी, शुक्रवारी लूमना सुट्टी असतंय, तवा भंगारवाला गावान येतंय. त्याला देऊन टाक. बाईच्या हातान गारी टिकत न्हाय." शेलारची हळद त्याच शुक्रवारी होती. आत्याने शब्द दिला होता.

मी तेव्हा भिवंडीत बी.कॉम. करत होते आणि आत्याकडेच राहत होते. गाडीतलं मला काही कळत नव्हतं. आत्यालाही चालवण्यापलीकडे फारसं येत नव्हतं. नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने गाडी सुरू करून पाहिली, क्लच घसरतोय म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल म्हणाला, आणि वर म्हणाला, "भाऊंना इचारून सांगतो." झालं. आत्या पायरीवर बसली होती ती उठली. "गारी माजी, इचारतंस कोनाला?" त्याने काहीतरी सारवासारव केली, पण तिने त्याचे पाने उचलून त्याच्या हातात दिले आणि त्याला वाटेला लावलं. मग मला म्हणाली, "पुस्तकं ठेव. फाटकं परकर आन."

सुरुवात आम्ही चुकीची केली. क्लच सैल झालाय असं वाटून आम्ही त्याची वायर ओढून ताणून बसवली. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतही जाईना. वायर ताणली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि आणखी घसरतो, हे कळायला आमची अख्खी दुपार गेली. वायर पुन्हा सैल केली, हँडलवरच्या दांडीला थोडी मोकळी हालचाल ठेवली. किंचित फरक पडला, पण चढ चढण्याइतका नाही. आता आतच बघायला हवं होतं. गाडीखाली परात सरकवून आत्याने गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सोडला.

तेल परातीत पडायला लागलं आणि आत्याचा हात थांबला. पडवीभर लूमचा वास पसरला होता. भिवंडीत वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही, सूत आणि गरम लोखंड आणि ते पातळ पिवळट तेल. आतोबा कारखान्यातून त्या तेलाची बाटली आणत आणि ते घरात बिजागऱ्यांना, शिलाई मशीनला, रहाटाला, सगळ्याला घालत. फक्त गाडीला घालत नसत. गाडीसाठी ते वेगळं तेल विकत आणायचे, पण आत्याला हे कधी माहीतच नव्हतं. ते गेल्यावर कपाटामागे त्यांनी आणलेली लूमच्या तेलाची शेवटची मोठी बाटली तशीच होती. गाडीचं तेल कमी झालं तेव्हा तिने तीच ओतली… त्यांची गाडी, त्यांचं तेल. तिच्या दृष्टीने ते सरळ होतं. लूमच्या या गावात असं करणारी ती एकटी नसावी.

ती परातीसमोर उकिडवी बसून राहिली. मला वाटलं ती रडेल, आणि मला खूप वाईट वाटत होतं, कारण त्या वासाने मलाही आतोबांचा खुंटीवरचा सदरा आठवला होता. मी म्हटलं, "आत्या, थोडं बाटलीत काढून ठेवू या का?" तिने माझ्याकडे पाहिलं. "कशाला? लूमला सरकाला पायजे, हिला धराला पायजे. ह्या तेलान ही कशी धरल?" आणि मग परातीकडे बघत, "जित्ते व्हते तवा कदी अडवला न्हाय मना. आता कशाला अडवतील?" तिने परात उचलली, ते सगळं तेल मागच्या दारच्या जुन्या डब्यात ओतलं आणि परत येऊन क्लचचं झाकण खोलायला घेतलं. तिचे डोळे ओले होते. हात अजिबात थांबले नाहीत.

झाकणाखाली स्प्रिंगा, आणि त्यांच्या आत एकाआड एक रचलेल्या प्लेटा, एक लोखंडाची, एक बुचाचे तुकडे बसवलेली. बूच अजून जाड होतं, झिजलेलं नव्हतं, पण वरून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. बुचाच्या प्लेटा आम्ही रॉकेलने पुन्हा पुन्हा धुतल्या, वरचा तुळतुळीतपणा जाईपर्यंत पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासल्या. लोखंडी प्लेटाही घासल्या. भिवंडीहून मी गाडीचं योग्य तेल घेऊन आले, त्यात बुचाच्या प्लेटा संध्याकाळी बुडवून ठेवल्या आणि गुरुवारी सकाळी काढल्या. एवढं सगळं जमलं आणि झाकणाचं पॅकिंग फाटलेलं निघालं. झाकण आणि इंजिनाच्या मध्ये बसणारा तो जाड कागद नसेल तर तेल गळून जाणार. दुकानदाराकडे या जुन्या गाडीचं पॅकिंग नव्हतं. आत्याने घरात इकडे तिकडे पाहिलं आणि शेलारच्या लग्नाची पत्रिका काढली. छान जाड, गुळगुळीत पत्रिका. तिने आधी वरचा गणपती कात्रीने नीट कापून देवघरात ठेवला. मग उरलेली पत्रिका झाकणावर धरून कडेकडेने हातोडीने हलके ठोके मारले, तशी कड आपोआप कापली गेली. नवरा-नवरीची नावं इंजिनाच्या आत गेली. "लग्नालाच जायाचं हाय तिला," आत्या म्हणाली, आणि त्या दोन-तीन दिवसांत पहिल्यांदाच हसली.

स्प्रिंगा परत बसवताना एक उडून तांदळाच्या पिंपामागे गेली, ती शोधताना आम्ही दोघी एकमेकींवर ओरडलो. शेवटी उलथन्याच्या दांड्याने दाबून त्या बसल्या. तेल भरलं, वायर लावली. गाडी सुरू केली, पण आत्याने चाचणी घ्यायला नकार दिला. "उद्या पुलावरच बघू. न्हाय चढली तर ढकलत जाईन, पन पुढं."

शुक्रवारी सकाळी भंगारवाला खरंच दारात आला होता, भाऊकाकांनी त्याला पाठवलं होतं. आत्या हिरवं लुगडं नेसून, केसात आबोली माळून बाहेर आली. विधवेने आबोली माळायची नसते, हे मी सांगायला नको. तिने किक मारली, मी मागे बसले, आणि आम्ही भाऊकाकांच्या ओट्यासमोरून गेलो. तिने गाडीचा वेग कमी केला नाही आणि मुद्दाम वाढवलाही नाही. पुलाचा चढ आला तेव्हा मी पुढे सरकून बसले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, खांदा दगडासारखा झाला होता. तिने गिअर उतरवला, ॲक्सिलरेटर पिळला, आवाज वाढला… आणि आवाजाबरोबर गाडीही वाढली. चढ संपला. खाडीवरचा वारा लागला तेव्हा तिचा खांदा सैल झाला.

शेलारला पाट मांडलेला होता. भाऊकाकाही त्या हळदीला आले, जीपमधून, आमच्यानंतर. धवल्यात घरच्या देवांबरोबर आलेल्या पाहुण्यांची नावं गुंफायची आत्याची पद्धत होती. त्या दिवशी तिने मामाचं नाव घेतलं, काकाचं घेतलं, आणि मग त्याच चालीत, चेहरा अगदी गंभीर ठेवून, धवलारीण फटफटीवरून पुढे आली आणि दीर जीपमधून मागून आले, असंही गायलं. मांडवातल्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. भाऊकाकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तेही हसले, दुसरा इलाज नव्हता. जीप त्यांनी नंतर देऊ केली होती. आत्याने ती पुन्हा कधी घेतली नाही. शेवटच्या वर्षापर्यंत ती स्वतः गेली, पावसाळा सोडला तर बहुतेक प्रत्येक सराईत, आणि बुचाच्या प्लेटा झिजल्या की स्वतः बदलल्या. अशा बाईला सोशिक म्हणणाऱ्यांनी निदान तिच्या घरच्या मांडवात तरी म्हणू नये.

दहाव्यानंतर काही दिवसांनी वडूनवघरकडची एक बाई आली. तिच्या मुलीच्या हळदीचा शब्द आत्याने देऊन ठेवला होता. आता कसं करायचं, बॅण्डवाल्याला सांगून भागवावं का, असं ती चाचरत विचारत होती. मला धवले अर्धेच येतात. माझा आवाज आत्यासारखा नाही. मी म्हटलं, मी येते. शेजारी भाऊकाका बसले होते, मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

गाडी चालवायला मला आत्यानेच शिकवलं होतं; ती नाक्यावरच्या नव्या मेकॅनिककडे नेली, उत्तरेकडचा तरुण मुलगा आहे. त्याने क्लच दाबून पाहिला, ठीक आहे म्हणाला. मग त्याला दिसलं की क्लचची दांडी मुठीकडे बरीच आत वाकवलेली आहे. आत्याचा हात लहान होता, बोटं पोचत नव्हती, म्हणून तिने कधीतरी ती तापवून वाकवली असणार. "दीदी, ये टेढ़ा है, सीधा कर देता हूँ," तो म्हणाला आणि त्याने पकड उचलली. मी म्हटलं, रहने दो. तो म्हणाला, तुमचा हात मोठा आहे, दाबाल तेव्हा बोटं मध्ये चिमटतील. मी म्हटलं, चिमटू देत.

हळदीला गेले. प्रत्येक गिअरला बोटं चिमटत होती. पुलावर तर जोरात चिमटली, आणि गाडी चढली.