कृष्णाबाईची टाच

धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरात धर्मा म्हात्र्याच्या शब्दावाचून मीठ ओढलं जात नसे. वाफ्यातल्या पाण्यावर गुलाबी झाक आली, वर पातळ साय धरली, की तो बांधावर उकिडवा बसे, मान तिरकी करून पाहत राही आणि म्हणे, "ओढा." नाहीतर, "उद्या." त्यावर कुणी बोलायचं नाही. बोललंच तर धर्मा म्हणे, "आगराला डोळा एकच पायजे. दोन झाले का आगर चकणा व्हतो." माणसं हसत. त्याची बायको कृष्णाबाई मिठाची पाटी डोक्यावर घेऊन मुकाट्यानं पुढं जाई.

सव्वीस सालच्या उन्हाळ्यात हा डोळा अधू झाला. पंचवीस वर्षं त्यानं पांढऱ्या झळाळीत काढली होती. पण धर्मानं कुणाला कळू दिलं नाही. घरात उंबऱ्याला ठेचकाळला तर उंबऱ्यालाच शिव्या घाली. चैत्रातल्या एका दुपारी त्याला सगळ्याच वाफ्यांवर साय दिसली आणि तो म्हणाला, "ओढा." मीठ अजून कोवळं होतं, थर नखाएवढा. मीठ ओढायच्या लाकडी फळ्या तळाला लागल्या, चिखल खरवडून वर आला आणि चार वाफ्यांचं मीठ गुळाच्या रंगाचं निघालं.

मालकाचा मुकादम दिनानाथ हा चूक दिसली तरच तोंड उघडणारा माणूस. काम चांगलं झालं की तो पान चघळत पुढच्या वाफ्याला जाई. त्या दिवशी तो थांबला. "धर्मा, हे मीठ पुरणात घालायचं काय रे?"

अलिबागच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. पुढची दोन वर्षं धर्मा पडवीत सुंभ वळत बसला. कृष्णाबाई आणि लेक मैना आगरावर जात. ताटात भाकरी पडली की तो म्हणे, "बसून खाणाऱ्याला एवढी कशाला?" आणि अर्धी ठेवून उठे. कृष्णाबाईनं समजूत घालून पाहिली, मग सोडून दिलं. अर्धी भाकरी ती कोंबड्यांना घाली, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

एका पौषात ती सकाळीच त्याच्यासमोर उभी राहिली. "ओ मैनाच्या बापसा, ऊठ. वाफे तुडवायला मानूस कमी हाय."

"आंधळा काय तुडवनार?"

"तुडवायला डोळे कशाला? म्हशी डोळे मिटून तुडवतात."

पाणी घेण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. दहा-बारा माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओळीनं चालतात. धर्माचा हात कृष्णाबाईच्या खांद्यावर होता. मध्येच ती थांबली. "हितं वल हाय. मीठ काळं व्हईल."

धर्मानं पाय दाबून पाहिला. त्याला काही कळलं नाही. "कशावरनं?"

"बोटांनी नको दाबू. टाच टेक. टाच आत जाते का बघ."

तिसऱ्या वेळेला त्याला कळलं. टाचेखाली तळ किंचित लवत होता, शिळ्या भाकरीत ओल राहावी तसा.

"कवापासून कळतं तुला ह्ये?"

"लगीन होऊन आले तवापासून."

"मग कदी बोलली का न्हाय?"

"आगर चकणा झाला असता," कृष्णाबाई म्हणाली.

मागची माणसं मोठ्यानं हसली. धर्मा हसला नाही. पण त्या रात्री त्यानं भाकरी पुरी खाल्ली.

तो हंगाम त्यानं शिकण्यात घालवला. ती त्याला वाफ्यात उभं करी आणि पायाला काय लागतं ते विचारी. तो सांगे आणि बहुतेक वेळा चुके. मीठ ओढायला आलं की पाणी पायाला तेलकट लागतं, दाणा तळव्याला रुततो पण टोचत नाही. हे सगळं बाई रोज पाटी उचलताना पायांनी ओळखत आली होती. चुकलं की ती "न्हाय" एवढंच म्हणे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना "न्हाय" म्हणणाऱ्याला ते ऐकून घेणं डोळे जाण्याहून जड गेलं.

पुढच्या चैत्रात धर्माच्या जागी मीठ पारखणारा गडी दुसऱ्या आगरावर निघून गेला. दिनानाथ धर्माकडे आला. "सांगतोस का? पन आधीच सांगतो. या खेपेला चुकलास तर पुन्हा बांधावर पाय ठेवायचा न्हाय."

धर्मा वाफ्यात उतरला. सगळे बघत होते. पाणी तेलकट होतं, दाणाही रुतत होता. ओठावर "ओढा" आलं. तो थांबला. "कृष्णे, हिकडं ये. तुझा पाय काय सांगतो?"

कृष्णाबाईनं पाटी खाली ठेवली, आत येऊन दोन पावलं टाकली. "कडेला झालंय. मधी न्हाय. उद्या."

"बायकोला इचारून मीठ ओढायचं का आता?" बांधावरून कुणीतरी म्हणालं.

"व्हय," धर्मा म्हणाला. "उद्या ओढा."

दुसऱ्या दिवशी फळ्या चालल्या. धर्मानंही एक फळी हातात घेतली. शेजारच्या फळीच्या आवाजाच्या अंदाजानं तो ओळीत चालत होता. मिठाची रास बांधाला लागली. दिनानाथची वहाण जवळ येऊन थांबली. धर्मा फळीवर हात ठेवून उभा राहिला.

पान चघळल्याचा आवाज आला. मग वहाण पुढच्या वाफ्याकडे निघून गेली.

"चला," कृष्णाबाई म्हणाली आणि तिनं पाटी उचलली.