तह आधी, लढाई नंतर

"सर, एक इचारू का? राग नका मानू."

कोमलचे वडील मल्हारीआबा माझ्या टेबलासमोर उभे होते. मेंढरं भावाकडं सोडून तामलवाडीहून एसटीनं आले होते. मी म्हटलं, "विचारा की."

"त्या पुस्तकात तह आधी होतोय अन् लढाई मागनं. राज्य तर पार शेवटाला उभं राहतंय. राजेलोकांचं असंच असतंय का?"

शेजारी बसलेली कोमल त्यांचा हात दाबत होती. "आबा, गप बसा की."

मी धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कोमलला जन्मापासून दिसत नाही. बीएचा तिचा इतिहासाचा एकच पेपर राहिला होता. दोनदा गेला, कारण घरात वाचून दाखवणारं कुणी नाही. हा तिसरा प्रयत्न शेवटचा, असं घरात ठरलं होतं. आबा आले तेव्हा परीक्षा अकरा दिवसांवर होती.

त्या पेपराच्या पुस्तकाचे लेखक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी ई-बुकची फाईल आपण होऊन दिली, वर म्हणाले, "पोरीला हवं तसं करून द्या." मग मी प्राचार्यांकडं गेलो.

"शेख, चारशे पानं वाचणार कोण?"

"कॉम्प्युटर वाचेल, सर."

"मराठीत?"

"मराठीत. जरा नाकात बोलतो."

"बोलू द्या. आपले संचालक तरी कुठं स्पष्ट बोलतात?"

लिहिलेलं मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर असतं. त्यातलं काही ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं. कुणीही घ्यावं, वापरावं, चुकलं तिथं दुरुस्त करावं. कुठली कोण माणसं ते घरी बसून तयार करतात आणि आमच्यासारख्यांना देऊन टाकतात. मी त्यांना ओळखत नाही, पण दुआ रोज देतो.

पहिल्या खेपेला आवाज वाक्याच्या मध्येच पान नंबर वाचायला लागला. राजा घोड्यावर बसला एकशे बारा आणि निघाला. ते नंबर काढण्यात चार दिवस गेले. मग सॉफ्टवेअरनं एकेका प्रकरणाची वेगळी ऑडिओ फाईल करून दिली. मी त्या कोमलच्या साध्या फोनच्या कार्डात भरल्या आणि छाती फुगवून फिरलो.

आता आबांचा प्रश्न ऐकून मी ते कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पाहतो तर काय, चूक माझीच. सॉफ्टवेअरनं प्रत्येक फाईलच्या नावाआधी शहाण्यासारखा ०१, ०२ असा क्रमांक घातला होता. मला ते गबाळं वाटलं. अठ्ठावीस वर्षं कॅटलॉग अकारविल्हे लावलेला हात. मी क्रमांक पुसून नुसती प्रकरणांची नावं ठेवली होती. फोननंही ती नावं अकारविल्हेच वाजवली. 'अखेरचा तह' सगळ्यांत आधी, 'पहिली लढाई' मधे, 'राज्याची स्थापना' सगळ्यांत शेवटी.

"कोमल, तुला हे कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, सर. पण तुम्ही इतकं खपून केलंत. चूक कशी काढू?"

मला फार लाज वाटली. माझ्या उपकाराच्या ओझ्यापायी ही मुलगी पेपर घालवायला बसली होती.

"आबा, तुम्ही कधी ऐकलंत?"

"मेंढरामागं फिरताना लावतो की. पोरगी म्हनली, बोलू नका. म्या म्हनलं, सर चांगलेत, खात न्हाईत."

क्रमांक परत घालायला दहा मिनिटं लागली. आबा जाताना मला 'मेहेरबानी' म्हणाले. खरं तर ती माझ्यावर झाली होती.

कोमल पास झाली. लेखनिकाला उत्तरं सांगताना तिनं लढाई आधी घेतली आणि तह नंतर. निकालाच्या दिवशी दोघं आले. कोमलनं माझे दोन्ही हात धरले. तिनं ते सोडल्यावर मी उगाचच रॅकवरची धूळ पुसत बसलो.

ज्याला आपण मदत करतो तो आपली चूक आपल्याला सांगत नाही, आपल्यालाच विचारावं लागतं. एवढं शिकायला मला अठ्ठावीस वर्षं आणि एक मेंढपाळ लागला. आता आमच्याकडं कुठलंही ऑडिओबुक तयार झालं की पहिली कॉपी तामलवाडीला जाते. आबा मेंढरामागं ती शेवटपर्यंत ऐकतात. त्यांचा 'व्हय' असा फोन आला, की मगच मी ते पुस्तक रजिस्टरला चढवतो.