शेजारची खुर्ची

सून त्या घरात नवी होती तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला तोंडही होतं. सून ताटं पुसत होती आणि पलीकडे सासू-सासऱ्यांचं जुंपलं होतं.

“जन्म थेटरात गेला तुमचा,” सासूबाई म्हणत होत्या, “पण माझ्या शेजारी बसून एक सिनेमा पाहिलात? एक तरी?”

“मी बसलो तर लोकांना जागा कोण दाखवणार? तू?”

“आणि मी काय लोकांत मोडत नाही? जगाला उजेड दाखवायचा आणि घरी दिव्याखाली अंधार!”

“अगं, दर वेळी पास आणून देतो ना. कडेची खुर्ची, पंख्याखालची.”

“हो, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसतं? माझी पिशवी!”

यावर पलीकडून फक्त सासऱ्यांच्या चपलांचा आवाज आला, दाराकडे जाणारा. सुनेनं तेच ताट इतकं पुसलं की त्यात तिचं तोंड दिसायला लागलं.

सासरे थेटरात डोअरकीपर होते. गल्लीत त्यांना सगळे बॅटरीवाले म्हणायचे. खरं नाव विचारलं तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवायचा. काम एवढंसं, अंधारात आलेल्या माणसाला बॅटरीच्या उजेडात त्याच्या खुर्चीपर्यंत न्यायचं. पण त्या एवढ्याशा कामात त्यांनी जीव ओतला होता. उजेड नेहमी पायाशी, कधी कुणाच्या तोंडावर नाही. माणूस थकलेला असला की त्याच्याकडे तोंड करून स्वतः उलटं चालायचं, म्हणजे त्याचं पाऊल दिसतं. “सांभाळून, पायरी आहे,” हे असं म्हणायचं की त्याला ऐकू जावं आणि मागच्या रांगेला जाऊ नये. पडद्याकडे त्यांची कायम पाठ. सिनेमा त्यांना कळायचा तो लोकांच्या चेहऱ्यांवरून. सगळे हसले म्हणजे विनोद, नाकं ओढली म्हणजे कुणाची तरी आई गेली. शेवट मात्र राहायचा, कारण त्याआधीच दारं उघडायला जावं लागायचं. तो मग घरी जेवताना विचारत.

“मग? भेटले का ती दोघं?”

“भेटली,” सासूबाई वाढता वाढता म्हणत. “तुम्हीच राहिलात.”

पुढे बऱ्याच वर्षांनी थेटर बंद पडलं आणि तिथे फरशांचं दुकान आलं. सासऱ्यांनी बॅटरी तेवढी खिशात घालून घरी आणली. सुनेला वाटलं, चला, आता तरी बसतील शेजारी. पण कसलं काय! टीव्ही लागला की स्वारी दाराच्या चौकटीला टेकून उभी. जित्याची खोड. सासूबाईंची पिशवी आपली खुर्चीत.

मग सासूबाईंचे डोळे बिघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजर दोन्ही कडांनी मिटत चाललीय. गेली ती परत येणार नाही, उरली ती थेंब घालून टिकवायची, टिकेल तेवढी. घरी येताना जिन्यात सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पडदा दोन्ही बाजूंनी ओढतायत म्हणायचं.”

त्या दिवशी सुनेला ते ताट आठवलं. आता नाही तर कधी? पडदा पुरता ओढला गेल्यावर कुणी कुणाच्या शेजारी बसून काय उपयोग?

शहरात नोकरीला असलेली नात फोनवर म्हणाली, “आई, इथे एक डिजिटल म्युझियम आलंय. चित्रं टांगलेली नसतात गं. भिंतीवर, छतावर, जमिनीवर, सगळीकडे उजेडाचीच चित्रं. आजीला समोर बघितलं तरी पुरेल.” तिनं तिकिटं काढली. सुनेनं दोघांना बसमध्ये घातलं, स्वतः मागच्या बाकावर बसली आणि वाटभर मनात एकच घोकत राहिली, आज यांना खाली बसवायचं. बांधून घालावं लागलं तरी बेहत्तर.

एका जुन्या गोदामाचं म्युझियम केलं होतं. आत काळोख, आणि काळोखात अख्खी नदी. भिंतीवरून उतरून ती थेट पायांखालून वाहत होती. माणूस उभा राहिला की पायाभोवती कमळं फुटायची, पाऊल उचललं की मासे पळायचे. सासूबाई आधी काठावरच थबकल्या आणि वाकून चपला हातात घ्यायला लागल्या.

“आई, पाणी नाही ते, उजेड आहे,” सून म्हणाली.

“माहितेय गं,” त्या म्हणाल्या, पण चपला हातातच ठेवल्या.

सासरे मात्र हादरले. “इथे रांगा कुठायत? खुर्च्यांना नंबर? जागा कोण दाखवतं?”

“कुणी नाही, बाबा. जिथे आवडेल तिथे बसायचं.”

“असं कसं चालेल?”

मधोमध ठेंगणी बाकडी होती. सासूबाई बसल्या. सवयीनं पिशवी शेजारी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. “बसा,” एवढंच म्हणाल्या. सासरे बसले. सुनेनं श्वास सोडला.

तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. उन्हातून अंधारात आलेले, हात पुढे करून चाचपडायला लागले. सुनेला कळायच्या आत सासऱ्यांचा हात खिशात आणि सासरे उभे! बॅटरी लागली. उजेड अगदी शिस्तीत, पायाशी. पण पडला तिथे नदीला भोक पडलं. ते जातील तसं ते पांढरं भोक पुढे सरकायला लागलं. मासे गेले, कमळं गेली, खाली निघाली गोदामाची साधी फरशी.

“ओ काका, बॅटरी बंद करा!” “शूऽऽ!”

जन्मभर लोकांना गप्प बसवलेल्या माणसाला लोक गप्प बसवत होते. काळ्या कपड्यातली एक पोरगी धावत आली. “आजोबा, तुम्ही उजेड पाडला की चित्रच पुसतं हो.”

सासऱ्यांनी बॅटरी विझवली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बॅटरीशिवाय अंधारात ते कधी उभेच राहिले नव्हते. ते नदीच्या मधोमध खांबासारखे उभे. ना बाकडं दिसे, ना बायको. सून उठणार, तोच सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. नेमके सासरे सासूबाईंच्या समोर उजळ भिंतीपुढे होते, त्यांच्या उरलेल्या नजरेच्या मधोमध.

“अहो, इकडे. सरळ या. आता थोडे डावीकडे. सांभाळून, बाकडं आहे.”

आवाज असा की त्यांना ऐकू जावा आणि मागच्याला जाऊ नये.

ते आले, चाचपून बसले. बॅटरी सासूबाईंच्या पिशवीत गेली. सुनेनं मान फिरवली आणि छताकडे बघत बसली. थोड्या वेळानं नदीच्या आवाजात दुसराच आवाज मिसळला. बघते तर सासरे बसल्या बसल्या घोरत होते! मान बायकोच्या खांद्यावर.

“उठवू का, आई?”

“कशाला? शेजारी बसलेत ना. बघायचं काय एवढं, मी बघतेय की.”

परतीच्या बसमध्ये सासऱ्यांनी विचारलंच, “मग? शेवट काय झाला?”

“शेवटच नाही त्याला. पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तुमचं घोरणं तेवढं नवीन होतं.”

त्यानंतर सासूबाईंची नजर फार टिकली नाही. उजेड-अंधार तेवढा कळायचा, म्हणून थेंब चालूच राहिले. घरच्या खुर्चीतली पिशवी मात्र भिंतीवरच्या खिळ्याला गेली. टीव्ही लागला की सासरे शेजारी बसत आणि काय काय चाललंय ते सांगत. मध्येच डोळा लागे, मग शेवट मनानं रचून सांगत. सासूबाईंना कळायचं, पण त्या म्हणायच्या, “बरं झालं, भेटली बाई.”

सासरे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी थेंबांची बाटली संपत आली होती. संपायच्या आधी नवी आणायची, हा त्यांचा शिरस्ता. औषधांच्या दुकानातून थेंब घेतले, पलीकडून बॅटरीचे सेल घेतले. जिन्यातला दिवा गेलेला, आणि वरच्या मजल्यावरचा शिंपी कापडाचं गाठोडं घेऊन चढत होता. सासरे आता उलटं चालू शकत नव्हते, म्हणून त्यांनी मागून उजेड धरला, त्याच्या टाचेशी, एकेका पायरीवर. “सांभाळून,” म्हणाले. त्याचं दार उघडल्यावर खाली आपल्या घरी आले, हात धुतले, बायकोच्या डोळ्यांत थेंब घातले, बाटली फळीवर ठेवली आणि शेजारच्या खुर्चीत बसले.